आण्णांचा बल्ब

आण्णा कुणाच्याही घरी खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी दाबून, हलवून बघायचे. "दिसाया समदं घट्टच दिसतं. भार टाकल्यावर कळतं," म्हणायचे.

आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डला आमच्या शेजारी सुजाता राहते, इस्पितळात नर्स आहे. आण्णा तिचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम केलेले. उन्हाळ्यात लेकीकडे यायचे, पण इथल्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता. दुधाचा आधी वास घ्यायचे. लख्ख ऊन पडलं तरी छत्री घेऊन निघायचे. "ह्या उनाचं काय खरं न्हाई, पोरी."

आमचे हे जंगलातून लाकडाचे ओंडके आणतात. तिथला रस्ता एका ट्रकपुरताच. म्हणून ड्रायव्हर आपण कुठे आहोत ते रेडिओवर बोलत राहतात. ह्यांना रेडिओ दिला डेक्लनने, त्यांच्याबरोबरच्या ड्रायव्हरने. ह्यांनी तो स्वतः बसवला. आणि त्याच आठवड्यात वळणावर डेक्लनचाच भरलेला ट्रक समोर आला. दोघांनी कसेबसे ब्रेक मारले.

हे म्हणाले, "मी रेडिओवर बोललो होतो. त्याने मुद्दाम खराब माल दिला." डेक्लन म्हणाला, "तू बोललाच नाहीस." दोघांचं बोलणं बंद झालं. सोमवारी पुन्हा त्याच रस्त्याने जायचं होतं.

मी आण्णांना सांगितलं. ते ह्यांना म्हणाले, "बोलवा त्याला. ज्याच्यावर संशय, त्याच्या म्होरंच तपास."

रविवारी डेक्लन ट्रक घेऊन आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. आण्णांनी खिशातून दोन वायरी जोडलेला जुना बल्ब काढला. हे म्हणाले, "मीटर आहे की माझ्याकडे. बरोबर बारा व्होल्ट दाखवतो."

"मीटर नुसता इचारतो, डायवरसाहेब. बल्ब काम करून घेतो."

ह्यांच्या ट्रकच्या चोवीस व्होल्टचे बारा करणाऱ्या डबीवर बल्ब लख्ख लागला. रेडिओच्या लाल-काळ्या वायरींवर मात्र मिणमिणला. मग आण्णांनी बल्बची एक वायर काळ्या वायरीवरून काढून ट्रकच्या उघड्या लोखंडाला लावली. पुन्हा लख्ख. ते काळ्या वायरीमागे वाकत वाकत गेले आणि एका बोल्टपाशी थांबले. बोल्ट लालभडक होता. गेल्या दसऱ्याला पूजेआधी ह्यांनी केबिनमधले सगळे बोल्ट हौसेने रंगवले होते, गावाकडच्या ट्रकसारखे.

"रंगावर अर्थिंग दिलंय! ऐकाया थोडी वीज पुरती. बोलाया जास्त लागती, मग रेडिओ मरतो. त्यो डेक्लन बिचारा खरंच बोलत हुता."

ह्यांनी मान खाली घातली. आण्णांनी रंग खरवडून वायर आवळली आणि माईक माझ्या हातात दिला. मी मागे सरले. घरात कुणी नवीन आलं तरी मी स्वयंपाकघरात जाते.

"नाव सांग तुजं. भार टाक."

डेक्लन आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. मी बटण दाबून नाव सांगितलं. रेडिओवर डेक्लनचा आवाज आला, "ग्रँड!" म्हणजे इथलं झकास. मग तो खाली उतरला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारून हसला. आण्णा हसले नाहीत. त्यांनी वायर पुन्हा ओढून पाहिली.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा आले नाहीत. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी सुजाताकडे गेले. तिने खुर्ची पुढे केली. बसण्याआधी मी ती दोन्ही हातांनी दाबून, हलवून पाहिली. सुजाता रडता रडता हसली.