विहीणबाईंच्या स्वागताला हडळ

मी आयुष्यात मिशी एकदाच काढली, आणि तीही हडळ व्हायला.

माझी धाकटी केतकी तेव्हा पेणच्या कॉलेजात होती. तिच्या गटाला स्पर्धेसाठी लघुपट करायचा होता. गोष्ट एका जुन्या दिवाळी अंकातली, भुताची. कॅमेरा म्हणजे मोबाईल, आणि भुताचा बंगला म्हणजे आमचं दोन खोल्यांचं घर! दिवे आणणं परवडत नव्हतं, म्हणून रविवारी भर दुपारी खिडक्यांना ताडपत्री ठोकून, फटींतून येईल तेवढ्या उजेडात मध्यरात्र करण्यात आली. (उकाडा असा की भुतालाही घाम फुटावा. पुढे फुटलाच.)

हडळ होणारी मुलगी मात्र आलीच नाही. "कसलं काम हाय?" असं वडिलांनी विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं होतं, आणि वडिलांनी तिच्या चपला कपाटात घालून कुलूप लावलं होतं.

केतकी आईकडे वळली. माझी बायको सुनंदा मूळची कासू गावची.

"नाय गो बाय! मी घरात एक भूत सांभाळते, तेवढं पुरे झालं." असं ती माझ्याकडे बघत म्हणाली आणि पिशवी उचलून कासूला बहिणीकडे निघून गेली.

उरलो मी. केतकी नुसती "बाबा..." म्हणाली, आणि मी विरघळलो. अर्ध्या तासात मिशी गेली, अंगावर सुनंदाची हिरवी साडी आली आणि डोक्यावर काळ्या लोकरीचे केस.

रंगवायला प्राची होती, केतकीची हमरापूरची मैत्रीण. तिच्या घरी गणपती बनवतात आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तीच करते. हाताला वळण तेच! पहिल्या खेपेला मी इतका प्रसन्न दिसू लागलो, की कॅमेरा धरणाऱ्या मुलाने नकळत हात जोडले.

"अगं, ही हडळ आहे! हिला कोण घाबरणार?" केतकी ओरडली.

मग प्राचीने त्यावर पिवळा, त्यावर काळा, ओठांच्या कडेने लाल असे थर चढवले. आरशात बघून मीच दचकलो.

"हे धुतल्यावर जाईल ना गं?"

"पाण्याने नाय जाणार काका. मूर्तीचा ऑइलपेंट हाय. रॉकेल लागेल." ती जरा थांबली. "ते मी घरी विसरले."

प्रसंग असा होता : प्रवासी दार वाजवतो, हडळ दार उघडते आणि म्हणते, "आलात? केव्हाची वाट बघतेय!" प्रवासी झालेला मुलगा बाहेर गेला. (तो कोपऱ्यावर पाणी प्यायला थांबलाय, हे आम्हाला कोणी सांगावं?) दार वाजलं. मी केस पुढे घेतले, दार खाडकन उघडलं आणि पोटातून किंचाळलो, "आलात? केव्हाची वाट बघतेय!"

समोर रोह्याचे पाटील, त्यांची बायको आणि मुलगा उभे होते!

इथे सांगायला हवं, की माझ्या थोरल्या रूपालीला बघायला ही मंडळी यायची होती. पण पुढच्या रविवारी! स्थळ चांगलं होतं. रूपाली डोलवीच्या कंपनीत कामाला, मुलगाही तशाच नोकरीत. दोघांनी एकमेकांचे फोटो बघून होकाराच्या दिशेने मान हलवली होती. आज हे लोक हमरापूरला गणपती ठरवायला आले होते आणि जाता जाता मुलगी बघून जावी असं त्यांच्या मनात आलं होतं.

बाईंच्या हातातली पेढ्यांची पिशवी खाली पडली. पाटील दोन पावलं मागे सरले ते थेट चपलांच्या ढिगात बसले. आतून केतकी ओरडली, "झकास! परत एकदा!"

बाईंनी कसाबसा आवाज काढला. "तुम्ही... मुलीच्या आई का?"

मी विचार केला. वडील म्हणावं, तर अंगावर साडी. हडळ म्हणावं, तर मुलीचं लग्न मोडलं! शेवटी पदर डोक्यावर घेतला आणि बारीक आवाजात म्हणालो, "व्हय. या ना, बसा."

बिचारे आले. काळोखात चाचपडत बसले.

"अंधार कसा एवढा?" पाटलांनी विचारलं.

"लाईट गेलीय," मी म्हणालो. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

तेवढ्यात बाईंची नजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे गेली. तिथे पुढच्या प्रसंगासाठी मांडलेली सुरी होती आणि भोवती लालभडक थारोळं.

"अवो, ते रगात हाय का?"

"छे छे! कोकमाचं आगळ आहे," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मी थारोळ्यात बोट बुडवलं आणि चाटून दाखवलं.

बाई अशा किंचाळल्या, की शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली! त्याच क्षणी कासूहून परतलेली सुनंदा दारात उभी राहिली. तिच्यामागे पहिली शिफ्ट संपवून आलेली रूपाली, हातात हेल्मेट.

"अवो, हे काय चाललंय?" सुनंदा मला म्हणाली.

"ह्या कोण?" पाटील.

"मुलीची आई," सुनंदा म्हणाली.

"मग ह्या?" पाटलांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

रूपालीच पुढे आली. "ते माझे बाबा आहेत," ती शांतपणे म्हणाली. वीस जणांसमोर कानफटात बसली असती तरी मला इतकी लाज वाटली नसती.

मंडळी चहाही न घेता उठली. मुलगा तेवढा पेढ्यांची पिशवी उचलायला परत आला. ती रूपालीने त्याच्या हातात दिली. दोघांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी तिथेच टाकून पोट धरून हसत सुटली. पाटलांनी त्याला हाताला धरून रिक्षात घातलं.

संध्याकाळी सुनंदा रॉकेलाने माझं तोंड घासत होती. "पोरीचं वाटोळं केलंत," एवढंच ती दर घासणीला म्हणत होती. मी मान खाली घालून ऐकत होतो. फोन वाजला. पाटील!

"पोरगा ऐकत नाय," ते म्हणाले. "लगीन करीन तर ह्याच घरात, म्हणतो. आमची बी ना नाय."

इतका धक्का मला दुपारीही बसला नव्हता.

"फक्त आमच्या हिला एक विचारायचंय," पाटील पुढे म्हणाले. "मुलीच्या आईच्या मानाची साडी कोणाला द्यायची?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण साखरपुड्याला रोह्याहून खरोखरच दोन साड्या आल्या. विहीणबाईंनी भर मंडपात मला पाटावर बसवून कुंकू लावलं. माझ्या साडीचा काठ सुनंदाच्या साडीपेक्षा चार बोटं रुंद होता, आणि तेवढ्यावरून ती माझ्याशी लग्नापर्यंत बोलली नाही.