कन्यादानापुरती जोडी

काल शेजारच्या घरातून मक्याच्या लाह्या करपल्याचा वास आला आणि मला वणीचं ते थिएटर आठवलं. नणंदेचं लग्न तोंडावर आलं होतं. सासू-सासरे नव्हते, त्यामुळे कन्यादानाला मी आणि नवराच बसणार होतो, आणि त्याला जोडी लागते. वेगळं व्हायचं आमचं ठरलं होतं, पण तिच्या लग्नापर्यंत ते कुणाला सांगायचं नाही, हेही ठरलं होतं. सिनेमाचा हट्ट तिचाच. पडद्यावर भाड्याच्या खोलीसाठी खोटे नवरा-बायको झालेले दोघं घरमालकासमोर एकमेकांना घास भरवत होते. सारं थिएटर खिदळत होतं. मध्यंतरात नवऱ्यानं माझ्या समोशातली मिरची न सांगता काढून दिली. "दादाले तुमचं सगळं ध्यानात राह्यते," नणंद म्हणाली, आणि मग कानाशी येऊन, "वहिनी, पाहा, आता ह्यायचं खरंच जमते." पडद्यावरच्यांचं जमलं. बाहेर कोळशाची धूळ उडत होती. नणंद मैत्रिणीच्या स्कूटीवर मागून येत होती, म्हणून मोटरसायकलवर मागे बसून मी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. चौकात ती शिंप्याकडे वळली, तसा मी हात काढला. "धरून बस, रस्ता खराब हाये," तो म्हणाला. मी सीटमागची दांडी धरली. कन्यादान झालं, पुढे आम्हीही वेगळे झालो. नणंदेच्या बैठकीच्या खोलीत कन्यादानाचा आमचा फोटो अजून आहे म्हणे. त्यात आम्ही दोघं अगदी खरे दिसतो.