गुलाबाच्या पानांतले गोल काप
मुलांनो, तुमच्या अंगणातल्या गुलाबाचा फोटो पाहिला. पानांच्या कडांना गोल काप पडलेले दिसले, म्हणून आज हे लिहिते आहे. कर्वेनगरच्या आपल्या घरी शेजारच्या आजी रोज सकाळी परडी घेऊन पूजेची फुलं न्यायला यायच्या. एका उन्हाळ्यात आपल्या गुलाबाची पानंही अशीच, कात्रीने कापल्यासारखी दिसू लागली. तुमचे आजोबा फाटकापाशीच त्यांना म्हणाले, "वहिनी, तुमच्या देवाला आता पानंही लागतात का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी परडीतली जास्वंदीची फुलं कट्ट्यावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी चहा घेताना आमच्या डोळ्यांदेखत मधमाशीसारखी एक काळसर माशी गुलाबावर बसली, पानाचा गोल तुकडा कापून तो पोटाशी धरून भिंतीतल्या भोकात शिरली. आजोबा तसेच उठून माफी मागायला गेले. त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, आधी माशीला विचारायचं होतंत." आता आजोबा नाहीत. त्या अजून शेजारीच राहतात, माझ्याशी नीट बोलतातही. पूजेची फुलं मात्र विकत आणतात.