हळदीकुंकवाचे डॉलर

सहलीला जायची हौस लोकांना असते. सहल सांभाळायची हौस कुणालाच नसते. आल्हादला तर ती कधीच नव्हती. पोटासाठी काम धरलं आणि केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. नाशिकच्या ज्येष्ठ मंडळींना परदेश दाखवून सुखरूप घरी आणायचं, हे ते काम. लोक देवळं नि धबधबे पाहत, आल्हाद पाही तो लोकांच्या हातातला पैसा. कुणी टॅक्सीवाल्याला दहाऐवजी शंभराची नोट देई. कुणी विमानतळावरच सगळे डॉलर मोडी आणि भाव वाईट मिळाला म्हणून त्याच्यावरच डाफरे. सिन्नरचे एक निवृत्त हेडमास्तर तर प्रत्येक शहाळ्याची किंमत मनातल्या मनात रुपयांत करत, अख्खी सहल तहानलेले फिरले होते.

म्हणून निघण्याआधी कॉलेज रोडवरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून तो सांगे, "नोटेला घडी नको, टाचणी नको, पेनाची रेघ नको. कंबोडियात डॉलर चालतो, पण कोरा." आताशा हे सांगताना त्याला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा येई.

या खेपेला गटात पंचवटीच्या उत्तराकाकू होत्या. त्यांचे यजमान ढुंढिराज गुरुजी रामकुंडावर उपाध्याय होते. गेल्या वर्षी गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या पितरांना पाणी देण्यात गुंतलेला माणूस, स्वतः कुठं जाणार? कंबोडियात कुलेनच्या डोंगरावर नदीच्या पात्रातच शिवलिंगं कोरली आहेत, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तिथं एकदा आपल्या गोदागंगेचं पाणी घालायचं, एवढी एकच त्यांची इच्छा राहून गेली. काकूंनी ती पुरी करायचं मनावर घेतलं. मुलापुढे हात पसरला नाही. ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून सहलीचे पैसे भरले, वरखर्चाला थोडे डॉलर घेतले आणि गोदावरीच्या पाण्याचा सीलबंद गडू बॅगेत ठेवला.

कुलेनची फेरी सहलीत धरलेली नव्हती. ज्यांना जायचं, त्यांच्याकडून तिथला गाइड सकाळी हॉटेलच्या दारात रोख पैसे घेत होता. काकूंनी रुमालातून नोटा काढल्या. गाइडने त्या उलटसुलट पाहिल्या आणि मान हलवली. प्रत्येक नोटेवर हळदीचं पिवळं बोट उमटलं होतं आणि शेजारी कुंकवाचं लाल.

आल्हादने कपाळाला हात लावला. "काकू, हे काय केलंत?"

"अरे, नव्या नोटा घरात आल्या, देवापुढे ठेवल्या. परक्या देशाची झाली तरी लक्ष्मीच ना? तू घडी नको म्हणालास, रेघ नको म्हणालास. हळदीकुंकू नको असं कुठं म्हणालास?"

खरंच, म्हणाला नव्हता. तो नोटा घेऊन समोरच्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानात गेला. तिथल्या बाईने नोटांना हात जोडले आणि त्या तशाच परत सरकवल्या. तिकडे गाडीचा हॉर्न वाजायला लागला. "पुढच्या वेळी या हो काकू," प्रफुल्ल नावाचे एक गृहस्थ खिडकीतून ओरडले. गुडघे धरून चालणाऱ्या काकूंना पुढची वेळ कुठली? त्या गडू पोटाशी धरून पायरीवर बसून राहिल्या.

आल्हादचा तो सुट्टीचा दिवस होता. दारं लावून झोपायचं, असं तो आठवडाभर घोकत होता. त्याने खिशातल्या स्वतःच्या नोटा काढल्या, काकूंच्या हातात दिल्या आणि त्यांच्या घेतल्या.

काकूंनी त्याचं मनगट धरलं. "तुझ्या तरी या चालतील का?"

"चालतील. नाशिकला बदलून मिळतात."

"खोटं बोलतोस."

"हो," आल्हाद म्हणाला. तो इतका दमला होता की दुसरं खोटं सुचेना.

"मग उसने म्हणून घेते. घरी गेल्यावर रुपयांत फेडीन."

"फेडा. चला आता." शेवाळलेल्या दगडांवर यांना हात कोण देणार, म्हणून तोही गाडीत चढला.

पाणी घोट्याएवढंच होतं आणि तळाशी शिवलिंगं स्पष्ट दिसत होती. आल्हादच्या खांद्याला धरून काकू उतरल्या. गडू हळूहळू रिकामा केला. "अहो, घातलं हो पाणी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर करून आल्हादकडे जणू पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू शेवटचा निवांत कधी बसलास रे?"

 काकूंनी त्याला काठावरच्या झाडाखाली बसवलं. बसल्याबसल्याच त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. तो दचकून उठला. आसपासच्या दगडांवर सगळी मंडळी गुपचूप बसली होती, प्रफुल्लसुद्धा. काठावर उभा असलेला ड्रायव्हर घड्याळ पाहत होता.

"उशीर झाला! हाक नाही का मारायची?"

"मीच नको म्हटलं सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "म्हटलं, त्याला झोपू द्या. आपण थांबू."

आल्हादने सवयीने डोकी मोजली; सगळी होती. इतकी वर्षं कुणी दुकानात, कुणी देवळात, कुणी रांगेत मागे राहिलं की तोच थांबत आला होता. त्याच्यासाठी आज पहिल्यांदाच कुणी थांबलं होतं.