ओल्या रक्ताचे हात

शहापूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. 'रेड-हँडेड' हा शब्द समजावायची पाळी आली की माझं डोकं आजही तापतं. अर्थ पोरांना ठाऊकच असतो. लाच घेताना रेड-हँडेड पकडला, असं ती मोबाइलवर रोज वाचतात. तो शब्द आला कुठून, ते मी सांगते. जुन्या स्कॉटलंडच्या कायद्यात तो खरोखरच्या रक्ताचा शब्द होता. खून करणारा हातावरचं रक्त ओलं असताना सापडला, की त्याला फार चौकशी न करता शिक्षा देता येई. पुढे चोरीमारीलाही तोच शब्द लागला. एवढं सांगून मी फळा पुसते. दादाचं सांगत नाही.

आमचं गाव धसईच्या पलीकडे. दिवाळीच्या पाडव्याला गावातले लोक बैलांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवतात. आम्ही बौद्धवाडीतले, आमच्याकडे ती रीत नाही. काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या सकाळी ओढ्यात बकरी ओरडली म्हणून दादा काठी घेऊन धावला. बिबट्याने तिचा गळा धरला होता. दादाने काठ्या हाणून तिला सोडवली, पण ती त्याच्या हातातच मेली. बकरीचा मालक भाऊबंदांना घेऊन पोचला, तेव्हा दादाचे हात कोपरापर्यंत लाल होते. लाल त्यांचेही होते, गेरूने.

"मी नाय मारली रे, बिबट्यानं धरलेली," दादा सांगत राहिला. ऐकतो कोण? त्यांनी त्याच्याच काठीने त्याच्या बरगड्या मोडल्या. मग एकाने त्याचा उजवा हात खडकावर दाबून धरला आणि मालकाने वरून धोंडा घातला. दादा गवंडी. मी पोचले तेव्हा त्याची बोटं बोटं राहिली नव्हती.

दुपारी वनरक्षक आला. त्याने बकरीच्या गळ्यावरच्या दातांच्या खुणा दाखवल्या, चिखलातले पंजे दाखवले. मालक म्हणाला, गैरसमज झाला. मला त्याचा गळा दाबावासा वाटला, अजूनही वाटतो. कोर्टात नुसत्या तारखा पडताहेत. दादाला थापी धरता येत नाही.

यंदाच्या पाडव्याला ओढ्याकडून पुन्हा बकरीचं ओरडणं आलं. दादा ओटीवर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि ओरडणं थांबेपर्यंत तसाच बसून राहिला.