पप्पांचं पुढचं पान

पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. डावा हलायचा, पण माउस धरला की थरथरायचा आणि बाण स्क्रीनभर नाचत सुटायचा. वर्तमानपत्र एका हातानं सावरत नाही, म्हणून मी त्यांना पेपर कॉम्प्युटरवर लावून द्यायचे. थोड्या वेळानं हाक यायची, "अगं, पुढचं पान." मी घरूनच ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये असले तर ते तसेच थांबायचे. पुढे पुढे हाका बंदच झाल्या. एकदा पाहिलं तर पहिलंच पान समोर, आणि पप्पा गॅलरीकडे बघत बसलेले.

"वाचून झालं?"

"असू दे. तुझं काम चाललंय."

मला असला राग आला! त्या माउसचा, त्या दुखण्याचा, सगळ्याचा. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात शेजाऱ्याकडे काडेपेटी मागितली नाही, त्यानं पान उलटायला पोरीच्या तोंडाकडे बघायचं? सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदाच आहे. म्हटलं, हात हवेत हलवला की पान उलटलं पाहिजे, बस. ग्रँट रोडच्या बाजारातून हालचाल टिपणारा कॅमेरा आणला, सेकंडहँड, आणि कॉम्प्युटरवर चिकटवला.

भोईवाड्यातली आमची खोली ती केवढी! कॅमेऱ्याला माणूस जरा लांबून दिसायला लागतो. म्हणून पप्पांची खुर्ची मागे सरकवत सरकवत पार दाराच्या तोंडाशी नेली. हात डावीकडे सरकवला की पुढचं पान, उजवीकडे सरकवला की मागचं. आणि पेपर बंद करायला मी काय ठेवलं, तर जोडलेले हात. झालं काम, डाव्या हातानं उजवा उचलून जोडला, बंद. मला वाटलं काय डोकं लढवलंय मी.

आमच्या चाळीत दार दिवसभर उघडं. लावलं तर लोक काय झालं म्हणून विचारायला येतात. त्यात पप्पा आजारी, म्हणजे भेटायला येणाऱ्यांची रीघ. जो येतो तो उंबऱ्यातूनच हात जोडून "जय भीम" म्हणतो. पप्पांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याला ते हात दिसले की पेपर गुल. समोरच्या खोलीतल्या मावशी तर येता-जाता हात जोडायच्या. शेवटी बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "माझ्यानं काय बिघडलं का गं?" पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. झटका आल्यापासून ते असे हसले नव्हते. मी मुकाट्यानं जोडलेले हात काढून टाकले आणि कॅमेऱ्याला फक्त सगळ्यात जवळच्या माणसाचा हात बघायला लावलं.

तरी पान काही उलटेना. माझ्या हातानं फटाफट उलटायचं, पप्पांच्या हातानं नाही. मी घरात बसून सगळं टेस्टिंग माझ्याच हातावर केलं होतं, आणि माझा हात म्हणजे माश्या हाकलल्यासारखा. पप्पांचा हात निघायचा, अर्ध्यावर दम खायचा, मग पुढे जायचा. सॉफ्टवेअरला वाटायचं, माणसानं बेत रद्द केला. मी वैतागून म्हणाले, "पप्पा, जरा झटकन करा ना."

"झटकन होत असतं तर हे कशाला लागलं असतं?" ते शांतपणे म्हणाले.

बरोबरच होतं. मग मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. ते हात हलवायचे, मी बघायचे आणि कोड बदलायचे. हात अर्ध्यावर थांबला तर तिथंच थांबून वाट बघायची, एवढंच त्याला शिकवायचं होतं. त्या दिवसांत आम्ही दोघं खूप बोललो. ते अधूनमधून विचारायचे, "ऑफिसला का जात नाहीस?" मी म्हणायचे, हल्ली सगळे घरूनच काम करतात. खरं तर ऑफिस लोअर परळला, चालत जाण्याच्या अंतरावर, आणि माझ्या टीममधले बाकी सगळे तिथं जात होते. मी साहेबांकडून खास परवानगी काढली होती.

एका सकाळी मी आत भाजी फोडणीला टाकत होते. बराच वेळ बाहेरून आवाज नाही म्हणून डोकावले. पप्पांचा हात हळूहळू सरकत होता. मध्ये थांबला. पुन्हा निघाला, आणि पान उलटलं. खेळाचं पान, म्हणजे अगदी शेवटचं. इथपर्यंत ते एकटे आले होते.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "उद्यापासून ऑफिसला जात जा. सगळे जातात, ठाऊक आहे मला."

"जाईन की," मी म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खोटं कशाला बोलू, आता त्यांच्या शेजारचं ते स्टूल उचलावं लागणार, याचंच जास्त वाईट वाटलं. मी तिथंच हात पुसत उभी राहिले.

"पप्पा, काही हवंय का?"

"नको," ते म्हणाले आणि वाचत राहिले.