मधलं नाव

तो हॉल कुण्या राजाने बांधून लोकांना दिलेला. दारावर दगडात कोरलं होतं, ‘जनसाधारण के उपयोगार्थ’. खिडक्यांना रंगीत काचा, हत्तीच्या पायाएवढे खांब. माझे वडील आचारी. काशीतल्या निम्म्या मराठी लग्नांचा स्वयंपाक त्यांनी त्याच हॉलच्या मागच्या अंगणात केला. पुढच्या दाराने मात्र कधी आत गेले नव्हते.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिलीच. मराठी मंडळाने तिथं सत्कार ठेवला. वडिलांना एकच हवं होतं. माझं पूर्ण नाव पुकारतील, मधे त्यांचं नाव येईल, ते त्या छताखाली खुर्चीवर बसून ऐकायचं.

अंगावर घालण्याजोगं धड वस्त्र त्यांच्याकडे एकच होतं, सोवळ्यात रांधताना नेसायचा रेशमी मुकटा. तोच नेसून आले. तिथंच चुकलं.

दारात मंडळाचे चिटणीस उभे. “वा महाराज, देवासारखे आलात! आचारी तापाने पडलाय. आमटी-भात सगळंच राहिलंय.”

“आज पाहुणा आहे मी,” वडील म्हणाले. “पोरीचं नाव...”

“मुकटा नेसून? पाहुणे असे येतात होय?” चारचौघे हसले.

मी म्हटलं, “काका, ते जेवायला आलेत, रांधायला नाही.”

“मग आम्ही काय उपाशी उठायचं? घरचाच माणूस तो. का गं, बी.ए. झालीस म्हणून बापाचं काम लाजेचं वाटायला लागलं?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “जा तू वर. भट्टीपाशी ऐकू येतं,” म्हणाले, आणि मागच्या नळावर अंघोळीला गेले. भट्टीपाशी काही ऐकू येत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

व्यासपीठावर चिटणिसांनी पुकारलं, “आणि ही आपल्या महाराजांची मुलगी!”

“पूर्ण नाव घ्या,” मी म्हटलं.

“अगं, कशाला? त्यांची आमटी न खाल्लेला आहे का कुणी इथं?” हशा. टाळ्या.

पंगतीत वडील वाढत वाढत माझ्यापर्यंत आले. मी पाया पडायला वाकले, तसे मागे सरले.

“शिवू नकोस, सोवळ्यात आहे.” मग हळूच, “घेतलं का गं, मधे?”

“नाही.”

हातातली पळी थांबली.

“महाराज, इकडे भात!” पलीकडून हाक आली.

“आलो,” म्हणाले आणि गेले. माझं पान तसंच राहिलं.